दगडखाणीतील जलव्यवस्थापन (भोपाळ परिसर)

खाणीत कोसळणारे पावसाचे पाणी आणि खडकातून पाझरणारे भूजल आवरून खाण चालू ठेवणे, पण त्यापायी शेजारच्या विहिरी व ओढे बिघडू न देणे, असे हे दुहेरी काम आहे.

भोपाळच्या टेकड्या विंध्य गटातील वालुकाश्माच्या. भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराजवळ या दगडाच्या अकराव्या शतकातील खाणी आजही दिसतात. शहराच्या पश्चिमेस व दक्षिणेस दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे महाराष्ट्रातलाच काळा पाषाण, पसरला आहे. वालुकाश्मात पाणी थरांमधून व सांध्यांतून वाहते. बेसाल्टमध्ये ते मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरांत असते, घट्ट पाषाण जवळजवळ कोरडा. त्यामुळे एकाच खाणीची एक भिंत ठिबकत असते आणि समोरची कोरडी राहते.

येथे वर्षाला सुमारे १,१०० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एक हेक्टर खाणीत १०० मिमी पाऊस पडला की १,००० घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी साचते. वरच्या उतारावरचे पाणी आत शिरले तर हिशेबच कोलमडतो. म्हणून ते पाणी बाहेरच वळवणारा काठाभोवतीचा वळणचर पंपाहून महत्त्वाचा. तो पावसाळ्यापूर्वी खोदून साफ असलाच पाहिजे.

आत पडलेले पाणी तळाला उतार देऊन एका कोपऱ्यातील खड्ड्यात आणतात व निवळल्यावरच बाहेर सोडतात. क्रशरची भुकटी येथे त्रास देते. ०.०१ मिमीचा कण संथ पाण्यात एक मीटर खाली बसायला सुमारे तीन तास घेतो, ०.००२ मिमीचा तीन दिवसांहून अधिक. नदी-तलावात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला १०० मिग्रॅपेक्षा जास्त नसावा, असे राष्ट्रीय मानक आहे. भोपाळमध्ये या आकड्याला विशेष अर्थ आहे. राजा भोजाने बांधल्याचे मानला जाणारा बडा तालाब हा तलाव कोलांस नदीवर आहे, शहराच्या मोठ्या भागाची तहान भागवतो आणि २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. त्याच्या पाणलोटात सुटलेला गाळ तेथेच येऊन बसतो.

तळ भूजलपातळीखाली गेला की खाण म्हणजे एक अवाढव्य विहीरच होते. उपशाने भोवतालची पातळी खचते. अशा खाणीला केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मात्र शेजारच्या विहिरींची मे आणि नोव्हेंबरमधील पातळी खोदकामाआधीपासून नोंदलेली नसेल, तर नंतर आटलेल्या विहिरीच्या मालकाकडे पुरावाच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालाने पाच हेक्टरहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली, तर २०१६ च्या अधिसूचनेने जवळजवळच्या खाणींचा समूह म्हणून विचार आणला. भूजलाच्या दृष्टीने हा विचार योग्यच आहे, कारण खाणपट्टे वेगळे असले तरी खालचे पाणी एकच असते.

बंद खाणीत साठलेले पाणी शेतीला किंवा पुनर्भरणाला उपयोगी पडू शकते. मात्र तेथे माती काढून टाकलेली असल्याने वरून टाकलेला कचरा न गाळता थेट भेगांत उतरतो. अशा खाणी कचऱ्याने भरण्यास सक्त मनाई हवी. कोणी बुडू नये म्हणून काठाला कुंपण आणि पाण्यात उतरण्यासाठी पायऱ्यांसारखे टप्पे खाण चालू असतानाच करून ठेवावे लागतात. पाणी भरल्यावर उभी भिंत तोडता येत नाही.