अवताराचे कारण आणि पंढरीचा देव

देव पृथ्वीवर रूप का घेतो, या प्रश्नाचे गीतेच्या चौथ्या अध्यायातले उत्तर सर्वांना ठाऊक आहे: सज्जनांचे रक्षण, दुष्टांचा नाश आणि धर्माची पुन्हा स्थापना. पण या उत्तरातून लगेच एक शंका निघते. ज्याच्या इच्छेने विश्व चालते, त्याला एका कंसाला मारण्यासाठी देवकीच्या पोटी जन्म कशाला घ्यावा लागतो? ते तर नुसत्या संकल्पाने व्हावे. ही शंका नास्तिकांचीच नव्हती, ती आचार्यांना आणि संतांनाही छळत होती. तिचे समाधान शोधता शोधता अवताराच्या कारणाचा अर्थच पालटत गेला आणि रक्षणापेक्षा सहवासाला मान मिळाला. मराठी मुलखात हा पालट सर्वांत ठळक दिसतो.

आधी रक्षणाची बाजू पाहू. विदिशेजवळ उदयगिरीला पाचव्या शतकाच्या आरंभी, गुप्तांच्या काळात, डोंगरात कोरलेला प्रचंड वराह बुडालेल्या पृथ्वीला वर काढतो आहे आणि देव-ऋषींच्या रांगा ते पाहत उभ्या आहेत. ५७८ साली चालुक्य मंगलेशाने बदामीच्या तिसऱ्या लेण्यात वराह, नरसिंह आणि त्रिविक्रम घडवून घेतले. वराह तर चालुक्यांचे राजचिन्हच होते. वेरूळच्या पंधराव्या लेण्यात, जिथे राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख आहे, हेच अवतार पुन्हा भेटतात. राजांनी नेमके हे प्रसंग निवडावेत यात नवल नाही. पृथ्वीला संकटातून सोडवणारा, तिन्ही लोक पावलांनी व्यापणारा देव हा राज्यकर्त्याचा आदर्श होता. अवताराचे कारण जोवर पराक्रमात शोधले जात होते, तोवर सामान्य माणसाचे काम दुरून हात जोडण्याचे होते.

आचार्यांनी या कारणाच्या पलीकडे पाहिले. शंकराचार्यांच्या गीताभाष्याच्या प्रस्तावनेत ईश्वराला स्वतःसाठी काही मिळवायचे नसते. जीवांवरच्या अनुग्रहापोटी तो जणू देह धारण केल्यासारखा दिसतो. रामानुजाचार्य आणखी पुढे गेले. ज्यांना देवाच्या दर्शनावाचून क्षणभरही धीर धरवत नाही तेच सज्जन, आणि त्यांना आपले रूप दाखवणे, त्यांच्याशी बोलणे हेच त्यांचे रक्षण, असे त्यांनी मांडले. या अर्थाने पाहिले की मूळ शंका मिटते. दुष्टाचा नाश संकल्पाने होईल, पण भेट संकल्पाने होत नाही. भेटीसाठी समोर यावेच लागते. तेराव्या शतकात महानुभाव पंथानेही आपल्या वाटेने हीच दिशा धरली. विष्णूचे दशावतार त्याला मान्य नाहीत, तरी जीवांच्या उद्धारासाठी परमेश्वर माणसाचा देह घेतो आणि त्याच्या सन्निधानाचे मोल सर्वांत मोठे आहे, यावर त्याचा भर आहे. म्हणून ‘लीळाचरित्र’ पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे चालणे, जेवणे, बोलणे इतक्या आस्थेने नोंदवते.

पंढरपुरात हा विचार लोकांच्या जगण्यात उतरला. १२३७च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वराने विठ्ठलाला दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि १२७३ ते १२७७ या काळातला चौऱ्यांशीचा शिलालेख भक्तांच्या देणग्या नोंदवतो. दशावतारांच्या कितीतरी मराठी चित्रांत नववी जागा याच देवाला मिळाली. पण त्याच्या अवतारकथेत राक्षस नाही. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतला होता. त्याने भेटीला आलेल्या देवासाठी वीट पुढे केली आणि देव तिच्यावर थांबला. पुढे हाच देव जनाबाईसोबत दळू लागतो, चोखोबांसोबत ढोरे ओढतो, दुष्काळात कोठार लुटू देणाऱ्या दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बेदरच्या दरबारी रक्कम भरतो आणि एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन पाणी वाहतो. या साऱ्या कथांत देवाचे येणे श्रमाच्या आणि अडचणीच्या जागी आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, रा. चिं. ढेरे यांनी दाखवल्याप्रमाणे विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असेल, तर त्याचे अवतार होणे हा मागून चढवलेला मुलामा ठरतो. शिवाय यांतल्या कित्येक कथा महिपतींनी अठराव्या शतकात लिहून काढल्या. मूर्तीच्या उगमाचा शोध मोलाचाच आहे, परंतु इथला प्रश्न श्रद्धेच्या कारणाचा आहे. घडलेल्या घटनांचा पुरावा म्हणून या कथा अपुऱ्या असल्या, तरी लोकांनी देवाकडून काय मागितले याचा त्या सबळ पुरावा आहेत. रानातला देव वैष्णव झाला तेव्हा त्याच्या हाती युद्ध दिले गेले नाही. माणसांमधले काम दिले गेले. ही निवड अर्थपूर्ण आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. देव चोखोबांसोबत ढोरे ओढतो म्हणणाऱ्या समाजाने त्याच चोखोबांना अस्पृश्य मानून देवळाबाहेर ठेवले. हे नाकारता येत नाही आणि झाकूही नये. साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले, तेव्हा कुठे अस्पृश्य मानलेल्यांसाठी मंदिर उघडले. मात्र त्या दारामागची रूढी श्रद्धेच्या कारणालाच धरून नव्हती. ती त्याच्या विरुद्ध उभी होती. देव केवळ रक्षणासाठी येत असता, तर राखणदार आत आणि माणसे बाहेर ही व्यवस्था चालली असती. तो भेटीसाठी येतो असे एकदा मानले की भेट अडवणारा प्रत्येक नियम अवताराचे कारणच खोडून काढतो. अवतारावर श्रद्धा ठेवणाऱ्याने म्हणूनच आपल्या देवळाच्या, घराच्या आणि पंगतीच्या दारात कोण थांबवले जाते, याचा जाब आधी स्वतःला विचारला पाहिजे.