ओव्हरड्राइव्ह: पाचव्या गिअरआधीचा ‘पाचवा गिअर’

१/ जुन्या ब्रिटिश मोटारींमध्ये स्टीअरिंगजवळ किंवा डॅशबोर्डवर कधीकधी एक छोटा खटका दिसतो. धावत्या गाडीत तो ओढला की वेग तोच राहतो, इंजिनाचा घोंघाट मात्र उतरतो. हा ओव्हरड्राइव्ह. जुनी गाडी जपणाऱ्यांपुढे तो आजही एक अवघड प्रश्न उभा करतो. त्या प्रश्नामागचा इतिहास पाहू. 🧵

२/ महायुद्धोत्तर ब्रिटिश मोटारींना बहुधा तीन किंवा चार गिअर असत. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सबाहेरचा शाफ्टही एकच फेरा घेई. वळणावळणाच्या जुन्या रस्त्यांवर तेवढे पुरे होते.

३/ लांब, सरळ रस्त्यांच्या अमेरिकेत क्रायस्लरने १९३४ सालीच ओव्हरड्राइव्ह आणला होता. ब्रिटनमध्ये एडगर द नॉर्मनव्हिल या अभियंत्याने वेगळी रचना सिद्ध केली. शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने ती घडवली आणि १९५० च्या सुमारास ती स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये अवतरली.

४/ रचना अशी: गिअरबॉक्सच्या मागे एक लहान चक्रसंच. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे, बाहेर दातेरी कडे. खटका ओढताच विजेवर चालणारी झडप उघडते, तेलाच्या दाबाने शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि सूर्यचक्र जागीच रोखले जाते. मग बाहेरचे कडे अधिक वेगाने फिरते. क्लचचे पेडल दाबावेच लागत नाही.

५/ याची खरी गरज पटली ती रस्ता बदलल्यावर. डिसेंबर १९५८ मध्ये प्रेस्टन बायपास खुला झाला, नोव्हेंबर १९५९ मध्ये एम-१ चा पहिला टप्पा. १९६५ च्या अखेरीपर्यंत तिथे वेगमर्यादाच नव्हती!

६/ १९६२ ची एमजीबी घ्या. ताशी ७० मैलांवर तिचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० फेरे घेते. ०.८०२ गुणोत्तराचा ओव्हरड्राइव्ह लावला की तेच सुमारे ३,१०० वर येते. तरीही अनेक वर्षे तो जादा पैसे मोजूनच मिळे. म्हणून आज कित्येक गाड्यांत तो नाही.

७/ अशा गाडीच्या मालकापुढे तीन वाटा असतात.
• त्याच काळातला ओव्हरड्राइव्ह. मात्र नुसता संच आणून मागे जोडता येत नाही. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्टही त्यासाठीचाच लागतो.
• फोर्ड सिएरासारख्या नंतरच्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स.
• मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर बदलणे. यात फेरे सर्वच गिअरमध्ये घटतात, पण चढावर दमछाक होते.

८/ वरवर हा तांत्रिक हिशेब वाटतो. मुळात तो इतिहासाचा प्रश्न आहे. गाडी हा चालता दस्तऐवज आहे. ती जशीच्या तशी ठेवून वापरलीच नाही, तर सील वाळतात, धातू गंजतो. हवे तसे बदल केले, तर दस्तऐवजावरची मूळ अक्षरेच पुसली जातात.

९/ माझे मत असे: कारखान्याने त्या मॉडेलसाठी ओव्हरड्राइव्ह देऊ केला असेल, तर तोच निवडावा. तो त्या काळाच्या भाषेतलाच शब्द आहे. पाच गिअरचा बॉक्स बसवायचाच असेल, तर पत्रा न कापता बसवावा आणि मूळ बॉक्स जपून ठेवावा. पुढच्या पिढीला परतीची वाट मोकळी राहिली पाहिजे.

१०/ तो खटका दोन युगांच्या सांध्यावर बसलेला आहे: एका बाजूला गावरस्ता, दुसऱ्या बाजूला महामार्ग. तुमच्यापुढे ही निवड आली, तर कोणती वाट धराल? कारणासह नक्की लिहा.