लहान मोटारीसाठी उन्हाळ्यात नवे टायर घेताना

उत्तर आणि मध्य युरोपातील अनेक वाहनधारक टायरचे दोन संच बाळगतात, एक हिवाळ्यासाठी व दुसरा उन्हाळ्यासाठी. तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर ताठर होते व रस्त्यावरील त्याची पकड कमी होते. म्हणून तेथे ऋतुमानानुसार टायर बदलले जातात. भारतात सर्वसाधारण दुकानात मिळणारा मोटारीचा जवळजवळ प्रत्येक टायर या अर्थाने उन्हाळीच असतो. सबब 'खास उन्हाळ्याचा' म्हणून एखादा टायर जादा किमतीस दाखविण्यात येत असेल, तर ग्राहकाने त्या शब्दाला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही. महत्त्व द्यावयाचे ते टायरच्या कडेवर उमटविलेल्या अक्षरांना आणि आकड्यांना.

टायर केव्हा बदलावा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. ही मर्यादा दाखविणारे छोटे उंचवटे खाचांच्या तळाशीच असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आला, की तो टायर नियमाने बाद होतो. मात्र मे महिन्यात टायर तपासणाऱ्याने जूनचाही विचार करावयास हवा. रस्त्यावरील पाणी बाहेर फेकण्याचे काम या खाचाच करतात, आणि दोन मिलिमीटरवर आलेला टायर पहिल्या मोठ्या पावसात मोटार घसरू देण्याची भीती असते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर परिवहन विभागाने २०२३ साली तेथे वाहनांच्या टायरची तपासणी सुरू केली व झिजलेले टायर असलेल्या वाहनांना प्रवेश नाकारण्यात आला. या मार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. शहरात वर्षानुवर्षे ताशी ४० किलोमीटरने चाललेला टायर भर दुपारी काँक्रीटवर एकाएकी तासन्‌तास या वेगाने धावू लागतो, तेव्हा त्यातील लपलेले दोष उघडे पडतात.

वय आधी, नक्षी नंतर

लहान मोटारींच्या बाबतीत झिजेपेक्षा वय अधिक फसवे ठरते. अशी मोटार पुष्कळदा घर ते कार्यालय एवढीच फिरते आणि उरलेला वेळ उघड्यावर उन्हात उभी असते. खाचा शाबूत राहतात, पण रबर कडक होऊन बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेवर एक चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवितात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पुष्कळ टायरवर हा आकडा एकाच बाजूस असतो व ती बाजू नेमकी आत गेलेली असते, म्हणून टायर रिमवर चढविण्यापूर्वीच तो वाचून घ्यावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर कोणत्याही स्थितीत बदल, असा मिशलिनसारख्या उत्पादकांचा सल्ला आहे. भारतातील ऊन पाहता दहा वर्षांची वाट पाहणे आम्हास धाडसाचे वाटते. त्याच न्यायाने, दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला 'नवा' टायर सवलतीत मिळत असला तरी त्याचे आयुष्य तितके सरलेले आहे, हे किंमत ठरविताना ध्यानात घ्यावे.

आकार आणि भार

मारुतीच्या ऑल्टो के-१० या मोटारीचा टायर १४५/८० आर १३ या आकाराचा आहे. १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० हे रुंदीच्या तुलनेत टायरच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १३ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यापुढे ७५ टी असे लिहिलेले असल्यास टायर ३८७ किलोग्रॅम भार पेलू शकतो व ताशी १९० किलोमीटर वेगापर्यंत चालतो. भाराचा हा निर्देशांक मोटार उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये.

मोटार 'भरदार' दिसावी म्हणून रुंद टायर बसविण्याची हौस अनेकांना असते. वरील टायरऐवजी १५५/८० आर १३ बसविल्यास चाकाचा व्यास सुमारे ५६२ वरून ५७८ मिलिमीटर होतो. म्हणजे वेगमापक ८० दाखवीत असताना मोटार ८२ च्या वेगाने धावत असते. शिवाय लहान इंजिनावर ओझे वाढते व इंधनही अधिक लागते. मूळ आकार सोडू नये, हेच बरे.

टायरवर आयएसआय चिन्ह आहे किंवा नाही, तेही पाहावे. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते बंधनकारक झाले आहे. ओल्या रस्त्यावरील पकड, रस्त्याचा घर्षणरोध व आवाज यांविषयीचे निकष केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचित केले.

हवेचा गैरसमज

उन्हाळ्यात हवा तापून फुगते, म्हणून ती कमी भरावी, असे पुष्कळ जण सांगतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. ३३ पीएसआय दाबाचा टायर २५ अंशांवरून ५५ अंशांवर गेला तर दाब सुमारे ५ पीएसआयने वाढतो. उत्पादकाने सांगितलेला दाब हा थंड टायरसाठीचा असतो व त्यात ही वाढ गृहीत धरलेली असते. हवा कमी असलेल्या टायरची भिंत मात्र प्रत्येक फेऱ्यास वाकते व उलगडते. या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, रबर आतील थरांपासून सुटू लागते आणि टायर फुटतो. बहुतेक मोटारींत योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तो सकाळी, मोटार चालविण्यापूर्वी तपासावा. तापलेल्या टायरमधून हवा सोडणे तर पूर्णपणे टाळावे. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यावेत की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

दोनच घ्यावयाचे असल्यास

खर्चामुळे चारऐवजी दोनच टायर घ्यावयाचे झाल्यास नवे टायर मागील चाकांना लावावेत, मग मोटार पुढील चाकांवर चालणारी का असेना. ओल्या रस्त्यावर मागील चाके सुटली तर मोटार गिरकी घेते व सामान्य चालकास ती आवरत नाही. एका अक्षावर दोन वेगळ्या नक्षीचे टायर नसावेत. स्टेपनीचे वयही याच वेळी पाहून घ्यावे. डिकीत पडून असलेली स्टेपनी न वापरताच म्हातारी झालेली असते.

नव्या टायरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. टायर ट्यूबलेस असल्यास त्यासोबत व्हॉल्व्हही नवा बसवून घ्यावा व चाकांचे बॅलन्सिंग तेथेच करून घ्यावे. पक्क्या पावतीवर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक व तो चार अंकी आकडा दुकानदाराकडून लिहून घ्यावा, कारण पुढे हमीखाली तक्रार करावयाची वेळ आल्यास त्याच नोंदीचा आधार मिळतो.