पाठभेदांचा हिशेब : पुण्यातील महाभारत-प्रकल्पाने १९२५ नंतर कामाची पद्धत कशी बदलली

१/१५
एप्रिल २००५. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचे काम अडले होते. जगभरातील प्रोग्रामर २००२ पासून ज्या साधनाने एकमेकांच्या दुरुस्त्यांचा हिशेब ठेवत, त्या ‘बिटकीपर’चा मोफत वापर बंद होत होता. लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांत पर्यायी साधन लिहून काढले. तेच आजचे ‘गिट’. एकच संहिता, तिच्यावर काम करणारे अनेक हात, प्रत्येकाची प्रत निराळी आणि प्रमाण कोणती हा प्रश्न. ८० वर्षांपूर्वी पुण्यात हाच पेच उभा होता. तेथील संहिता होती महाभारताची.

२/१५
छपाईपूर्वी ग्रंथ नकलून पसरत. लेखनिक एखादी ओळ गाळी, कोणी समासात टीप लिही, आणि पुढच्या नकलेत ती टीप मूळ श्लोकांत जाऊन बसे. याहून अवघड प्रकार म्हणजे दोन पोथ्या जवळ असलेला पंडित दोहोंतील चांगले ते घेऊन तिसरी पोथी तयार करी. आजच्या भाषेत, शाखा फुटत होत्या आणि पुन्हा जुळतही होत्या. पण कोणी, केव्हा आणि कशावरून बदल केला याची नोंद कोठेच राहत नव्हती.

३/१५
सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धर यांनी हा गुंता सोडवण्याचा मोठा प्रयत्न केला. घराणे गोदातीरी कोपरगावचे, कार्यक्षेत्र काशी. त्यांनी निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या जमवून पाठ ठरवला आणि ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. पुढे छापखाने आल्यावर हाच पाठ सर्वत्र प्रचलित झाला. तो भरघोस आहे. मात्र त्यातील कोणता श्लोक कोणत्या प्रांताच्या पोथीतून आला, हे वाचकाला कळण्याची सोय त्यात नाही.

४/१५
खानदेशात, अमळनेरच्या शेजारी धुळ्यास, विसाव्या शतकाच्या आरंभी असेच एक काम झाले, पण त्याची परिस्थिती निराळी होती. वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी डोमगावच्या मठातील, कल्याणस्वामींच्या हातची मानली जाणारी प्रत प्रमाण धरून १९०५ साली दासबोध प्रसिद्ध केला. ग्रंथकाराच्या निकटवर्ती शिष्याचीच प्रत हाती असेल, तर बाकीच्या नकला तिच्याशी ताडून पाहता येतात. महाभारताच्या संपादकांना असा आधार नव्हता. मूळ प्रत कोठेही नव्हती. होत्या त्या केवळ शाखा.

५/१५
भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झाले. पुढच्याच वर्षी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. १ एप्रिल १९१९ रोजी सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी मंगलाचरणाचा श्लोक आपल्या हाताने लिहून कामाला आरंभ केला. १९२३ मध्ये नारायण बापूजी उटगीकर यांनी विराटपर्वाची नमुना आवृत्ती काढून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठी पाठवली.

६/१५
काम सुरू होऊन सहा वर्षे लोटली होती, देणगी मिळाली होती, नमुना छापून झाला होता. मात्र एवढ्या प्रचंड ग्रंथाचा अंतिम पाठ कोणत्या नियमाने ठरवायचा, हे अद्याप पक्के झालेले नव्हते. ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले. केंब्रिजमध्ये गणित शिकलेले आणि बर्लिनमध्ये हाइन्रिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली संशोधन केलेले हे गृहस्थ. त्यांनी कामाची फेररचना केली.

७/१५
पद्धत अशी. प्रत्येक श्लोकासाठी एक आखलेला तक्ता. शिरोभागी प्रचलित पाठातील श्लोक लिहायचा. खाली एकेका हस्तलिखिताची ओळ, आणि जेथे अक्षर वेगळे असेल तेथे त्या घरात ते वेगळे अक्षर. जादा श्लोक आढळले, तर त्यांची नोंद स्वतंत्र. प्रत्येक भागासाठी किमान दहा हस्तलिखिते ताडून पाहिली जात. आदिपर्वाच्या काही भागांसाठी ही संख्या साठापर्यंत गेली. बंगाली लिपीतील पोथ्यांसाठी शांतिनिकेतनची विश्वभारती आणि दक्षिणी लिप्यांसाठी तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथेही अशी पत्रके भरली जात.

८/१५
पुढचा प्रश्न निवडीचा. बहुमत घ्यावे, तर गफलत होणार हे सुकथनकरांनी ओळखले. आदिपर्वाच्या ज्ञात हस्तलिखितांपैकी जवळजवळ निम्मी देवनागरीत होती. पण देवनागरी पोथ्यांतच सर्वाधिक सरमिसळ झालेली होती. एकाच चुकीच्या पन्नास नकला म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. म्हणून नियम ठरला : एकमेकांशी संपर्क न आलेल्या शाखा, उदाहरणार्थ काश्मीरची शारदा आणि केरळची मलयाळम, जेथे सहमत होतात, तेथे तो पाठ जुना मानावा.

९/१५
दुसरा नियम याहून महत्त्वाचा होता : काहीही फेकायचे नाही. नाकारलेले पाठभेद पृष्ठाच्या तळाशी, प्रत्येकापुढे त्याच्या हस्तलिखिताची खूण. जादा ओळींना तारांकित क्रमांक. लांबलचक प्रक्षेप परिशिष्टात. आणि जेथे संपादकाला स्वतःच्याच निर्णयाची खात्री नाही, तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ. अनेक पाने अशी आहेत की वर मूळ श्लोक थोडे आणि खाली बारीक टाइपातील पाठभेद उदंड.

१०/१५
या नियमांची कसोटी कठीण होती. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहून घ्यावे, ही कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असते. हस्तलिखितांच्या साक्षीने ती मूळ संहितेत टिकली नाही. गणपतीच्या पुण्यात बसून संपादकांनी ती परिशिष्टात नेली. तिचे श्लोक आणि ती ज्या पोथ्यांत आहे त्यांची नोंद मात्र जशीच्या तशी छापली. पुढे फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादलेल्या सभापर्वात द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही मूळ संहितेबाहेर गेला.

११/१५
विरोध श्रद्धावंतांचाच होता असे नाही. फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी सुचवले की, मूळ पाठ घडवण्याचा खटाटोप सोडावा आणि नीलकंठांचाच पाठ छापून खाली सारे पाठभेद द्यावेत. सूचना सोपी होती, वेळ वाचवणारी होती. सुकथनकरांनी ती मानली नाही. प्रचलित पाठ हाच आधार मानला, तर सरमिसळीलाच प्रामाण्य मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. आदिपर्वाच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी आपली पद्धत सविस्तर मांडली.

१२/१५
किंमत वेळेत मोजावी लागली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ मध्ये निघाला, पूर्ण पर्व १९३३ मध्ये. १९२३ मध्ये नमुना म्हणून छापलेले विराटपर्व नव्या पद्धतीने पुन्हा संपादित करावे लागले. रघुवीर यांनी सिद्ध केलेली ती आवृत्ती १९३६ मध्ये आली. पद्धत बदलताना हाती असलेले काम पुन्हा करावे लागणे हा खर्च प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला पडतो. १९२५ नंतर पुण्यात तो पत्करला गेला.

१३/१५
मग एक अनपेक्षित पडताळा आला. आदिपर्व छापून झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडून आदिपर्वाचे एक अतिशय जुने हस्तलिखित उपलब्ध झाले. संपादन करताना ते कोणी पाहिलेले नव्हते. सुकथनकरांनी त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. आधी केलेल्या निवडींना त्या पोथीने मोठ्या प्रमाणावर दुजोरा दिला. नियमाने काढलेले उत्तर नव्या साक्षीपुढेही टिकले.

१४/१५
२१ जानेवारी १९४३ रोजी सुकथनकर निवर्तले. मुंबई विद्यापीठातील चार व्याख्यानांपैकी चौथे द्यायचे राहूनच गेले. काम मात्र थांबले नाही, कारण पद्धत एका माणसाच्या डोक्यात नव्हती. ती पत्रकांत आणि प्रस्तावनेत लिहिलेली होती. पर्वे निरनिराळ्या विद्वानांकडे वाटलेली होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी प्रधान संपादकत्व सांभाळले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचे घोषित झाले. १९ खंड, १,२५९ हस्तलिखिते.

१५/१५
गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत तो कोणी, केव्हा आणि कोणत्या आधीच्या स्थितीवर केला ही नोंद राहते, आणि जुन्या स्थितीकडे परतता येते. संशोधित आवृत्तीने आपल्या निर्णयांच्या बाबतीत हेच केले. पुढे क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी तिची संहिता संगणकावर उतरवली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. परिशिष्टे आणि पाठभेद छापील खंडांत उपलब्ध आहेतच. संपादकांचा निर्णय ज्यांना पटत नाही, त्यांना परिशिष्ट उघडून गणेशाची कथा पुन्हा आपल्या जागी नेऊन वाचता येते, आणि ती कोणकोणत्या पोथ्यांनी जपली हेही तेथेच पाहता येते.