वर्ध्याची शिक्षणयोजना आणि इंग्रजी संभाषणाचा प्रश्न

वर्धा हें नांव उच्चारतांच शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकास इ. स. १९३७ ची परिषद आठवते. आणि ती आठवली म्हणजे तिच्या मागोमाग एक समजही बहुधा पुढें येतो, कीं ही योजना इंग्रजीच्या शत्रूंनीं रचिली. हा समज कितपत साधार आहे हें पाहावें, आणि तें पाहतां पाहतां नवशिक्या विद्यार्थ्यास इंग्रजी बोलतां कां येत नाहीं या जुन्या प्रश्नाचा कांहीं उलगडा होतो काय हें तपासावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आम्हीं या जिल्ह्यांत तीस वर्षांहून अधिक काळ संस्कृत, आणि अडीनडीस इंग्रजी, शिकविली. तेव्हां या विषयांत आम्ही केवळ साक्षीदार नसून कांहीं अंशीं आरोपीही आहों, हें आरंभींच सांगून टाकणें बरें.

प्रथम परिषदेची हकीकत. मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानें २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशीं वर्ध्यास नवभारत विद्यालयांत ही परिषद भरली. अध्यक्षस्थानीं महात्मा गांधी होते. परिषदेनें चार ठराव केले. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण सर्व राष्ट्रास मिळावें. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा असावी. सर्व शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोवतीं गुंफावें. आणि त्या व्यवसायाच्या उत्पन्नांतून हळूहळू शिक्षकाचें वेतन निघावें. अभ्यासक्रम आंखण्यासाठीं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली गेली. तींत विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम् व आशादेवी इत्यादि मंडळी होती. समितीनें आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजीं सादर केला. पुढें फेब्रुवारी १९३८ मध्यें हरिपुरा काँग्रेसनें योजनेचीं तत्त्वें स्वीकारलीं, आणि त्याच वर्षीं हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन होऊन सेवाग्राम हें त्याच्या कार्याचें केंद्र झालें.

या सात वर्षांच्या अभ्यासक्रमांत इंग्रजीस स्थान नव्हतें. मॅट्रिकच्या योग्यतेंतून इंग्रजी वजा करावी व तींत एक धंदा मिळवावा, असा हिशेब गांधींनीं मांडला होता. म्हणजे ज्यास इंग्रजी शिकावयाची असेल त्यानें ती चौदाव्या वर्षाच्या सुमारास आरंभावी, असा याचा व्यावहारिक अर्थ झाला. यांत द्वेष शोधणारास आम्ही इतकेंच विचारूं, कीं खुद्द समितीचा अहवाल इंग्रजींत प्रसिद्ध झाला आणि गांधींचें ‘हरिजन’ पत्र इंग्रजींत निघत होतें, याची वाट काय? आक्षेप भाषेवर नव्हता. मुलाचीं कोवळीं वर्षें परक्या माध्यमाच्या ओझ्याखालीं जातात, यावर होता.

परंतु याहून महत्त्वाची एक गोष्ट अहवालांत आहे, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. मातृभाषेच्या शिक्षणाचीं उद्दिष्टें सांगतांना समितीनें पहिला मान लेखनास किंवा व्याकरणास दिला नाहीं. मुलानें आपल्या भोंवतालच्या वस्तु, माणसें व घडामोडी यांविषयीं मोकळेपणानें व आत्मविश्वासानें बोलावें, हें उद्दिष्ट तींत अग्रभागीं आहे. हातांत टकळी, समोर कापूस, आणि जें करतों त्याविषयीं बोलणें, हा त्या शिक्षणाचा गाभा. ज्या योजनेनें इंग्रजीस दाराबाहेर उभें केलें, तिच्याच दप्तरांत कोणतीही भाषा बोलावयास शिकण्याची किल्ली पडून होती, असें आम्हांस वाटतें. हें विधान साधार करण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

इंग्रजी शाळांत ती भाषा शिकविण्याची जी रीत आपल्याकडे रूढ झाली, तिचा उत्तम नमुना म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. एक नियम, कांहीं शब्द, मग इंग्रजीचें मराठी व मराठीचें इंग्रजी करावयाचीं वाक्यें, असा तिचा क्रम. तिचे उपकार विसरतां येत नाहींत. ज्या गांवीं धड शिक्षक नाहीं तेथेंही तिच्या आधारें पिढ्यानुपिढ्या मुलें शुद्ध वाक्य लिहावयास शिकलीं. परंतु भाषांतर ही सावकाशीची विद्या आहे आणि संभाषण ही तत्काळाची. ‘मी काल आर्वीहून कापूस घेऊन पुलगांवास गेलों’ हें वाक्य पाहा. मराठींत क्रियापद सर्वांच्या शेवटीं येतें. इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ यावें लागतें. मनांत मराठी वाक्य जुळवून मग त्याचें इंग्रजी करणाऱ्या मुलास दुसराच शब्द उच्चारण्यासाठीं सबंध वाक्य संपण्याची वाट पाहावी लागते. कागदावर ही वाट पाहणें चालतें. समोर माणूस उभा असतां चालत नाहीं. जिभेस जी खीळ बसते ती बुद्धीच्या उणेपणामुळें नव्हे, या दुहेरी प्रवासामुळें बसते.

आमचे संस्कृताभिमानी मित्र म्हणतील, कीं इंग्रजी अशी नियमांनीं शिकविली गेली ती संस्कृताच्या वळणावर. हें अर्धेंच खरें आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या संस्कृत पुस्तकांनीं शाळांतील संस्कृतही नियम, शब्द आणि दोहीं बाजूंचें भाषांतर याच सांच्यांत बसविलें, आणि आम्ही स्वतः त्याच सांच्यांतून निघालों. परंतु पाठशाळेची मूळ रीत ती नव्हे. तेथें आधीं गुरुमुखांतून संथा, मग आवृत्ति, मग अर्थ, आणि सर्वांच्या मागून व्याकरण. महाभाष्याच्या पस्पशाह्निकांत भगवान् पतंजलींनीं म्हटलें आहे, कीं घट हवा असणारा कुंभाराच्या घरीं जाऊन घट करून मागतो. परंतु शब्द वापरूं इच्छिणारा कोणी वैयाकरणाच्या घरीं जाऊन ‘मला शब्द करून दे’ असें म्हणत नाहीं. लोकांत प्रयोग आधीं असतो, शास्त्र त्यास मागाहून नियम घालतें. आमच्या पिढीच्या शिक्षकांनीं पतंजलींचें नांव घेतलें आणि वर्गांत नेमकें उलट केलें.

कान आणि प्रयोजन हीं दोन जेथें मिळालीं तेथें काय घडलें, याचे दोन दाखले महाराष्ट्राच्या इतिहासांत स्पष्ट आहेत. पहिला आनंदीबाई जोशी यांचा. जन्म १८६५ चा. घरीं पति गोपाळराव शिकविणारे. १८८० च्या सुमारास अमेरिकेंतील कार्पेंटरबाईंशीं त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला, म्हणजे भाषेस एक जिवंत श्रोता मिळाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं श्रीरामपूर येथील कॉलेजांत, आपण अमेरिकेस कां जात आहों हें त्यांनीं भरसभेंत इंग्रजींत सांगितलें. त्या वेळीं त्यांस अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

दुसरा दाखला पंडिता रमाबाईंचा, आणि तो आमच्या मुद्द्यास अधिक जवळचा. त्यांचें संस्कृत आईच्या तोंडून व तीर्थयात्रेच्या वाटेवर कानांनीं आलेलें. १८८२ सालीं पुण्यास हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली ती मराठींत. इंग्रजी त्यांनीं तेव्हां नुकतीच आरंभिली होती. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या, वाँटेज येथें भगिनींच्या मठांत राहिल्या, पुढें चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयांत शिकूं व शिकवूं लागल्या. १८८६ त त्या अमेरिकेंत पोंचल्या, आणि तेथें गांवोगांव इंग्रजींत व्याख्यानें देऊन त्यांनीं विधवांच्या शाळेसाठीं साहाय्य मिळविलें. साक्षीसाठीं दुभाष्या लागणारी स्त्री चार वर्षांत परक्या देशाच्या सभा हलविते, याचें कारण केवळ प्रतिभा म्हणून सोडून देतां येत नाहीं. हजारों श्लोक कानांनीं धरण्याची लहानपणची संवय, दिवसभर भाषा ऐकावयास मिळेल असा सहवास, आणि बोलल्यावांचून ज्याचें काम होणार नाहीं असें प्रयोजन, हीं तीन कारणें तेथें एकत्र आलीं होतीं.

असे दाखले थोरांचेच असतात असें नाहीं. आमच्या लहानपणीं आळींत एक वृद्ध गृहस्थ होते. ते तरुणपणीं पुलगांव स्टेशनावर सांधेवाले होते आणि शाळेची पायरी त्यांनीं फारशी चढलेली नव्हती. साहेबांच्या हाताखालीं काम करतां करतां त्यांनीं इंग्रजीचीं शेंदीडशें वाक्यें तोंडीं बसविलीं होतीं. त्यांतलीं निम्मीं व्याकरणास धरून नव्हतीं, पण त्यांचें कोठें अडत नसे. आम्ही पदवी घेऊन आल्यावर त्यांच्या वाक्यांना हंसलों, आणि त्यांनीं एके दिवशीं इंग्रजींत साधी विचारपूस केली तेव्हां उत्तर शोधीत उभे राहिलों. तो धडा त्या वेळीं आम्हीं घेतला नाहीं.

पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रज्ञांतही या प्रश्नावर मतभेद होता. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील पी. सी. रेन यांनीं हिंदी शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीनें शिकवावी यासाठीं पुस्तक लिहिलें. हॅरल्ड पामर यांनीं १९२१ सालीं मौखिक पद्धतीचें शास्त्र मांडलें. विद्यार्थ्यास बोलावयास लावण्यापूर्वीं पुष्कळ ऐकूं द्यावें, यावर त्यांचा भर होता. उलट डाक्क्यास काम केलेले मायकेल वेस्ट यांनीं १९२६ च्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं बंगालच्या सामान्य मुलास इंग्रजी वाचतां आली तर तिचा उपयोग अधिक. बोलण्याचा प्रसंग त्यास क्वचित् येतो. वेस्ट यांचें म्हणणें त्या काळीं अगदींच चुकीचें नव्हतें. आज मात्र आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्याचा मुलगा पुण्यास किंवा नागपुरास नोकरीसाठीं जातो, आणि त्याची पहिली परीक्षा तोंडी असते.

अशा एका परीक्षेची हकीकत सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. आमचा एक विद्यार्थी, इंग्रजी व्याकरणांत वर्गांत पहिला, मुलाखत देऊन परत आला व संध्याकाळीं ओसरीवर येऊन बसला. वडील काय करतात एवढेंच त्यास इंग्रजींत विचारलें होतें. तो म्हणाला, “गुरुजी, प्रश्न कळला. उत्तराचें वाक्यही मनांत झालें. पण तें तोंडांत येईपर्यंत त्यांनीं पुढचा कागद उचलला.” त्याचे वडील कापूस पिकवितात. कापसाविषयीं त्यास जितकें ठाऊक होतें तितकें त्या परीक्षकांस खचित ठाऊक नव्हतें. परंतु आमच्या दहा वर्षांच्या शिकवणींत त्यानें कापसाविषयीं एक वाक्यही इंग्रजींत उच्चारलें नव्हतें. दोष त्याचा नव्हता.

निवृत्तीनंतर आम्हीं या चुकीची थोडी भरपाई करूं पाहिली. संध्याकाळीं पांच-सात मुलें जमत. आम्हीं वही बंद केली. पेरणी, निंदण, वेंचणी, सरकी, गाडी, बाजार, असा एकेक विषय घेऊन आठ-दहा इंग्रजी वाक्यें संथेप्रमाणें म्हणावयाचीं. आमचा उच्चार भरंवशाचा नसल्यानें ध्वनिमुद्रित आवाज आधीं ऐकावयाचा, मग सर्वांनीं मिळून, मग एकेकानें. पाठ झाल्यावर वाक्याचा सांचा तोच ठेवून शब्द बदलावयाचे: आज वेंचतों, काल वेंचला, उद्यां वेंचीन. शेवटीं दोघादोघांनीं समोरासमोर बसून प्रश्नोत्तरें करावयाचीं. बोलतांना चूक थांबवावयाची नाहीं. ती लक्षांत ठेवून दुसऱ्या दिवशीं शुद्ध वाक्याची संथा द्यावयाची. पहिले तीन आठवडे शांतता फार व बोलणें थोडें, असाच प्रकार होता. चौथ्या महिन्यांत एक मुलगा खतावरून दुसऱ्याशीं इंग्रजींत भांडला. व्याकरण मोडकें होतें. परंतु तो मराठीची वाट पाहत नव्हता. आमच्या मतें ओघवतें बोलणें म्हणतात तें तेथेंच सुरू होतें.

यावर आक्षेप येतील. साठ मुलांच्या वर्गांत हें कसें व्हावें? जितकें व्हावें तितकें होणार नाहीं, हें खरें. पण संथा साठांनाही देतां येते, आणि साठांच्या तीस जोड्याही होतात. नुसत्या पाठांतरानें पोपट होतील, हा दुसरा आक्षेप. सांचा बदलण्याचा व प्रश्नोत्तरांचा भाग गाळला तर तो आक्षेप यथार्थ आहे. तिसरा आक्षेप असा, कीं इंग्रजी जितकी लवकर आरंभावी तितकी बरी. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी सुरू केली, म्हणजे वर्ध्याच्या हिशेबाच्या बरोबर उलट पाऊल टाकलें. त्या मुलांनाही आम्हीं शिकविलें आहे. वर्षें वाढलीं, पण रीत तीच राहिली तेथें जीभ पूर्वींसारखीच अडली. रमाबाईंनीं इंग्रजी धरली ती विशी उलटल्यावर. यावरून उशीर करावा असें आम्ही म्हणत नाहीं. आरंभाच्या वयाहून रीतीचें वजन अधिक आहे, इतकेंच म्हणतों.

तात्पर्य, वर्ध्याच्या योजनेनें इंग्रजी गाळली हें ऐतिहासिक सत्य आहे. ती इंग्रजीच्या शत्रूंनीं रचिली हें मात्र नाहीं. आणि हातांतल्या कामाविषयीं आधीं बोला, हें जें तत्त्व तिनें मातृभाषेसाठीं सांगितलें, तें परभाषेच्या नवशिक्यासही तितकेंच लागू पडतें. तालीमी संघाच्या शाळांत शिकून पुढें इंग्रजीकडे वळलेल्या विद्यार्थ्यांच्या वह्या, रोजनिशा किंवा आठवणी कोणा वाचकाच्या संग्रहीं असतील, तर त्यांनीं मंडळास अवश्य कळवावें. चौदाव्या वर्षीं आरंभ करणारीं तीं मुलें इंग्रजी कशी बोलूं लागलीं, हें त्या कागदांवरूनच ठरेल, आणि आमचें अनुमान चुकीचें ठरलें तर तें सुधारण्यास आम्ही सिद्ध आहों.