भात लागला! : एका घरगुती अपघाताचा इतिहास

पाककलेचा इतिहास लिहिणारे जमलेल्या पदार्थांची नोंद ठेवतात, बिघडलेल्यांची ठेवत नाहीत. पुरणपोळी कुठून आली, श्रीखंडाचा उल्लेख प्रथम कुठे सापडतो, याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. परंतु रोजच्या स्वयंपाकात वारंवार घडणारी आणि घरात सर्वांत जास्त बोलणी खायला लावणारी घटना, म्हणजे भात लागणे, ही मात्र इतिहासाबाहेरच राहिली. आमच्या मते ती इतिहासाचाच विषय आहे. भात का लागतो हे भौतिकशास्त्र सांगते; भात लागला की कोणाला बोलावयाचे, हे समाज ठरवतो.

सुरुवात भाषेपासून करू. प्रमाण मराठीत 'भात' या शब्दाला दोन लिंगे आहेत. शेतातले ते भात, पानातला तो भात. 'भात लावणे' या प्रयोगालाही दोन अर्थ आहेत : आषाढात चिखलात रोपे लावणे आणि स्वयंपाकघरात तांदूळ शिजत टाकणे. लावणारा माणूस (बहुतेक वेळा लावणारी बाई) दोन्हीकडे स्पष्ट असतो. 'लागणे' म्हटले की कर्ता नाहीसा होतो. भात लागतो, जणू आपला आपणच. 'करपणे' या क्रियापदाचेही तेच. पण त्याला 'करपवणे' असे प्रयोजक रूप आहे आणि घरातले सगळे राजकारण त्या एका 'व'मध्ये साठलेले आहे. स्वतःविषयी बोलताना माणूस 'भात करपला' म्हणतो, दुसऱ्याविषयी बोलताना 'करपवलास' म्हणतो. अकर्मक आणि प्रयोजक क्रियापदांचा फरक वर्गात शिकवताना आम्ही हेच उदाहरण घेतो; ते पुन्हा समजावून द्यावे लागत नाही. शेतातल्या भातालाही करपण्यातून सुटका नाही. बुरशीमुळे पानांवर डाग पाडणाऱ्या रोगाला शेतकरी 'करपा' म्हणतात आणि जिवाणूंमुळे पानांच्या कडा वाळवणाऱ्या रोगाला 'कडा करपा'. शेतात करपा आला तर दैवाला आणि हवेला बोल लावतात. घरात तशी सोय नसते.

भात करण्याच्या आपल्याकडच्या मुख्य रीती दोन. एक वेळण्याची. भरपूर पाण्याला आधण आणायचे, धुतलेले तांदूळ त्यात वैरायचे, शीत बोटांत दाबून पाहायचे आणि शिजत आले की पेज निथळून काढायची. दुसरी रीत बैठ्या भाताची, म्हणजे मोजून घातलेले पाणी भातातच जिरवायचे. वेळण्याची रीत फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात तांदळाच्या जाती आहेत, ते धुऊन उकळत्या पाण्यात शिजवण्याची आणि पेज काढून टाकण्याची कृती आहे. राजाच्या भाताचे वर्णन असल्यामुळे त्यात भात लागण्याचा विचार येण्याचे कारणच नव्हते; राजाच्या पानापर्यंत लागलेला भात पोचत नसणार. कोकणात ही रीत टिकली, कारण तिथे पेज हे टाकाऊ पाणी नव्हे. ती अन्नच आहे आणि सकाळची न्याहारीही. वेळलेल्या भाताला लागण्याचे भय पहिल्या टप्प्यात जवळजवळ नसते. ते येते पेज काढल्यावर, वाफ मुरण्यासाठी भांडे निखाऱ्यावर किंवा वैलावर ठेवतात तेव्हा. बैठ्या भाताचे भय शेवटच्या पाच मिनिटांत एकवटलेले असते. पाणी मोजायचे ते बोटाच्या पेरांनी. तांदूळ नवा की जुना यावर ते बदलायचे, कारण जुना तांदूळ अधिक पाणी पितो.

भांड्यात नेमके काय घडते? जोवर पाणी आहे तोवर भात १०० अंश सेल्सिअसच्या वर फारसा तापू शकत नाही. जाळ कितीही वाढवला तरी वाफ वाढते, उष्णता वाढत नाही. (महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि भात अधिक वेळ घेतो, ही आनुषंगिक गोष्ट.) शेवटचे पाणी शितांत जिरले की हे संरक्षण संपते. मग बुडाशी उष्णता झपाट्याने चढते. तिथली शिते आधी पिवळी, मग तांबूस, मग काळी होतात. मधली तांबूस अवस्था खमंग असते, पण ती फार थोडा वेळ टिकते. जुन्या बायकांना हा क्षण कानांनी कळे. आधी रटरट, मग खदखद, मग शांतता आणि त्या शांततेत अगदी बारीक चरचर. चरचर ऐकू आली की भांडे उतरवायचे. ती हुकली की पुढची बातमी नाकाला, आणि तोवर उशीर झालेला असतो.

या उशिराची किंमत केवळ भातापुरती नव्हती, हे आज चटकन लक्षात येत नाही. पितळेच्या पातेल्याला आतून कथिलाची कल्हई असे. कथील २३२ अंशांना वितळते. पाणी असेपर्यंत कल्हईला काही होत नाही. भात कोरडा पडून जळू लागला की बुडाची कल्हई उडते. मग त्या भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार काहीही ठेवले तर ते कळकते आणि कळकलेले अन्न विषारी. म्हणजे एकदा भात जळला की ते पातेले कल्हईवाला गल्लीत येईपर्यंत बाजूला पडे. तो आला की भाता, नवसागर, कापूस, पांढरा धूर आणि रोख पैसे. पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओली राख किंवा माती लावण्याची चाल होती. ती भांडे घासणे सोपे जावे म्हणून, असे सांगतात. तिच्यामुळे जाळाची धग थेट एका जागी लागण्याचेही थोडे कमी होत असावे.

इथे एका म्हणीविषयी तक्रार नोंदवावीशी वाटते. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आपण समीक्षेत सर्रास वापरतो. एक कविता वाचून कवी जोखतो आणि वर हीच म्हण सांगतो. भात शिजला की नाही, कणी राहिली की नाही, याची परीक्षा वरच्या शितावरून खरेच होते. भात लागला आहे की नाही हे मात्र त्या शितावरून कधीच कळत नाही. वरचे शीत उत्तम असते आणि बूड काळे. म्हण करणाऱ्याने बूड पाहिलेले नसावे.

महाराष्ट्रात भात सर्वत्र सारखा नाही, हे विसरून चालणार नाही. कोकणात आणि मावळात तो रोजचा. देशावर रोजची ती ज्वारी-बाजरीची भाकरी. भात सणाचा, पाहुण्यांचा, आजाऱ्याचा. ज्या घरात भात वर्षातून मोजक्या वेळा शिजतो तिथे तो लागण्याची शक्यता अधिक, कारण हात बसलेला नसतो. आणि लागला तर हळहळही अधिक. भाकरी करपली तर एक भाकरी जाते. भात लागला तर करपट वास सगळ्या पातेल्यात शिरतो. म्हणूनच सगळ्यांनी पाठ केलेले उपाय : डाव खाली घालायचा नाही, वरचा भात हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढायचा, वास ओढून घ्यायला वर पावाचा तुकडा किंवा कांद्याची फोड ठेवायची. यांपैकी पहिल्या दोहोंवर आमचा विश्वास आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या भागाकडे येतो. पेशवाईपासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ब्राह्मण आणि काही अन्य पांढरपेशा घरांत स्वयंपाक सोवळ्यात होई. चुलीपाशी जाण्याचा अधिकार त्या वेळी सोवळ्यात असलेल्या बाईलाच. पुष्कळदा ही बाई घरातली विधवा असे. तिला मंगलकार्यात स्थान नसे, पण रांधण्यात मात्र असे. या व्यवस्थेत भात लागू लागला तर काय होत असेल? ती बाई विहिरीवर किंवा देवघरात गेली असेल, तर ओसरीवर बसलेल्या चार धडधाकट पुरुषांना वास येतो आणि त्यांच्यापैकी कोणालाही आत जाऊन पातेले उतरवता येत नाही. बाजूला बसलेली सूनही उठू शकत नाही. ती फक्त हाक मारू शकते. नाके सर्वांची, हात एकीचे. आणि दोष कोणाचा, याविषयी दुमत नसे. शेतमजुराच्या झोपडीत सोवळे नव्हते. तिथे लागलेला भात म्हणजे सरळ एका वेळचे कमी झालेले अन्न.

पुढे याच पातेल्याशेजारी पुस्तक आले. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी तिथल्या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलींना घरकामाला उपयोगी पडेल तेवढेच शिकवावे, हा तिचा रोख. १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी 'तरुणीशिक्षण नाटिका' लिहून शिकलेल्या स्त्रीची टिंगल केली. शिकलेली सून म्हणजे करपलेला स्वयंपाक, हे समीकरण याच हवेत पक्के झाले आणि पुढे ते विनोदी लेखनातून पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिले. पुस्तक वाचणारी मुलगी आणि जळणारा भात हे चित्र इतके सोयीचे होते, की त्याचे उलट टोक कोणी विचारात घेतले नाही : न वाचणाऱ्या बायकांचा भातही लागतच होता. ओले लाकूड, पातळ बुडाचे भांडे, मांडीवर रडणारे मूल ही खरी कारणे होती. पण मूल रडले म्हणून भात लागला तर तो अपघात आणि पान उलटले म्हणून लागला तर अपराध.

१९१० हे साल या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. त्या वर्षी रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' प्रसिद्ध झाल्या. शिकण्यापायी घरातल्याच बायकांकडून झालेला जाच त्यात आहे. त्याच वर्षी लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघाले. त्यापूर्वी १८७५ सालचे 'सूपशास्त्र' रामचंद्र सखाराम गुप्ते या पुरुषाचे होते; आता बाईने लिहिलेले पाकशास्त्र बाईच्या हाती आले. पुस्तक आणि पातेले यांचे वैर असल्याचे सांगितले जात असताना पुस्तकच पातेल्याच्या मदतीला आले, असे म्हणता येईल. आणि त्याच १९१० साली कलकत्त्यात इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला : खाली कोळसा, वर एकावर एक डबे आणि अन्न वाफेवर शिजणार. भाताचा आणि जाळाचा प्रत्यक्ष संबंध त्याने तोडला.

लागलेला भात टाकला जात नसे, हे सांगायचे राहिले. वरचा मऊ पांढरा भात पुरुषांना आणि मुलांना, मधला घरातल्या इतरांना आणि खरवड शेवटी बसणारीच्या पानात. तांबूस, कुरकुरीत खरवडीसाठी मुले भांडत. काळ्या खरवडीसाठी कोणी भांडत नसे. इराणात बुडाचा हा थर मुद्दाम करतात, 'तहदिग' म्हणून पाहुण्याला मानाने वाढतात. कोरियात त्यावर पाणी ओतून जेवणाच्या शेवटी पितात. आपल्याकडे तो वाढण्याचा पदार्थ झाला नाही, उरण्याचा झाला. यामागे चवीचा प्रश्न फारसा नसावा. जो थर नेहमी रांधणारीच्याच वाट्याला आला, त्याला नाव देऊन पंगतीत मांडण्याची गरज कोणाला वाटणार?

दुसऱ्या महायुद्धात या हिशेबाला धार आली. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि मुंबईला येणारा रंगूनचा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. रेशनचा तांदूळ जसा मिळेल तसा : कधी नवा-जुना मिसळ, कधी निम्मी कणी. एकाच पातेल्यात काही शिते विरघळून बुडाशी चिकटत आणि काही कच्ची राहत. हात कितीही बसलेला असला तरी अशा तांदळापुढे चालत नाही. मोजून मिळालेला भात जळला की तो भरून काढायला दुसरा तांदूळ घरात नसे.

प्रेशर कुकरचे मूळ डेनिस पापँ याच्या १६७९ सालच्या यंत्रात आहे. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन्ही नावे १९५९ पासूनची. कुकर वेळ आणि इंधन वाचवतो, अशी जाहिरात झाली आणि ती खरीच आहे. पण मराठी घरापुरता त्याचा मोठा गुण दाबात नसून डब्यात आहे. आपण भात कुकरमध्ये थेट घालत नाही. डब्यात घालून पाण्यावर ठेवतो, खाली वरण, वर भात. भाताला बूडच उरले नाही, तर तो लागणार कुठे? 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर पोचवल्यावर पाण्याचा अंदाजही पेरांवरून वाट्यांवर आला. अपघात संपला असे नव्हे. त्याने जागा बदलली. कुकरच्या तळाशी पाणी घालायचे राहिले, की भाताऐवजी कुकर जळतो, सुरक्षा झडप उडते आणि अॅल्युमिनियमला काळानिळा डाग पडतो.

त्याहून मोठा बदल असा, की भाताची राखण नाकाकडून कानाकडे आली. चरचर ओळखायला वर्षे लागत. शिट्टी कोणालाही मोजता येते. 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' हे वाक्य चुलीच्या काळात शक्यच नव्हते. ते बाहेरच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला सांगता येते, पेपर वाचणाऱ्या नवऱ्याला सांगता येते, आणि सांगणारी स्वतः पुस्तक घेऊन बसू शकते. त्यानंतर दोन झाल्या होत्या की तीन, यावरून होणारा वाद हा पहिलाच असा वाद, ज्यात भाताच्या बाबतीत साक्षीदार एकाहून अधिक असतात.