मर्दना, मादणे आणि अंबाळ्याचे पाणी

उन्हाळा लागला की आमच्या प्राध्यापक-कक्षात दोन विषय हमखास निघतात : कॉफीतली साखर आणि पोहून आल्यावर अंगाला सुटणारी खाज. आमचे एक सहकारी नागपूरच्या एका जलतरण तलावावर पोहायला जातात. दुसऱ्या दिवशी कोपराच्या लवणीत उठलेले लाल चट्टे ते सर्वांना दाखवतात आणि कॉफी बिनसाखरेची मागवतात. दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर टळली, ४० कॅलरी वाचल्या, असा त्यांचा हिशेब असतो. या असल्या गप्पांची नोंद कोण ठेवणार, असे एकदा कोणीसे हसून म्हणाले. मराठीच्या अध्यापकाने तरी हे म्हणू नये.

कारण मराठी गद्याच्या आरंभीच नेमकी हीच नोंद आहे. म्हाइंभटाने १२७८च्या सुमारास सिद्ध केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींचा दिवस मर्दना, मादणे, आरोगणा, पहुड, उपहुड अशा शब्दांनी पुढे सरकतो. अंग चोळणे, स्नान, भोजन, निजणे, उठणे. वर्गात आपण छोट्या वाक्यांची शैली शिकवतो, तत्त्वज्ञान शिकवतो आणि हे शब्द मात्र शब्दार्थांच्या यादीत ढकलून मोकळे होतो. माझ्या मते त्या ग्रंथाचे मोठेपण याच शब्दांत अधिक आहे. एका देहाचा दिनक्रम लिहून ठेवण्याजोगा आहे, हे तोवर मराठीत कोणी असे ठरवले नव्हते.

शिवाय त्यातला क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी मर्दना, मग मादणे. दिवाळीच्या अभ्यंगातही आधी तेल, मग पाणी. जलतरण तलावात हे उलटते. पाण्यातले क्लोरीन त्वचेचा नैसर्गिक स्निग्धपणा काढून नेते; घाम आणि मूत्र यांच्याशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, ती डोळ्यांना आणि कातडीला झोंबतात. ज्या उग्र वासाला आपण स्वच्छतेचा वास समजतो, तो बहुतांशी त्यांचाच. म्हणून तर उतरण्यापूर्वी अंग धुवा, असे फलक लावलेले असतात. (तेल चोपडून उतरावे, असे मी सुचवीत नाही, रक्षक शिट्टी फुंकून बाहेर काढील.)

चक्रधरांचा रामटेकशीही संबंध आहे. पूर्वाश्रमीचे हरपाळदेव गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेसाठी. वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंची भेट झाली आणि आयुष्य पालटले. याच ऋद्धिपूरला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट मिळाला आहे. त्यात रामगिरिस्वामीचा उल्लेख येतो. वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असे जे मांडले, त्यात या ताम्रपटाचा मोठा आधार होता. मल्लिनाथाला तो चित्रकूट वाटला होता. वाद डोंगराचा झाला. कालिदासाने मात्र पहिल्याच श्लोकात डोंगराआधी तिथले पाणी सांगितले आहे, सीतेच्या स्नानाने पावन झालेले. गडावरच्या केवल-नरसिंह मंदिरातल्या वाकाटककालीन लेखातही सुदर्शन नावाच्या तलावाचा उल्लेख आहे.

गडावरच्या लक्ष्मण मंदिरातला यादवकालीन शिलालेख रामचंद्रदेवाच्या राजवटीतला, म्हणजे १२७१ ते १३११ या काळातला. म्हाइंभट लिहीत होता तोही याच राजाच्या काळात. दोन्हीकडे स्नान आहे. संस्कृत लेख डोंगराभोवतीची तीर्थे सांगतो, त्यांत अंबातीर्थही आहे. तिथे भर पाण्याच्या पुण्यावर. मराठी गद्य सांगते की आज कोणी, कुठे, कोणाकडून मादणे करवून घेतले. एकाच राजवटीत एका भाषेला तीर्थाचे माहात्म्य सुचावे आणि दुसरीला ओल्या अंगाचा माणूस दिसावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

अंबातीर्थ म्हणजे आजचा अंबाळा तलाव, असे मानतात. लोककथा अशी की अंब नावाच्या सूर्यवंशी राजपुत्राला कुष्ठ झाले होते. शिकारीच्या वाटेवर इथल्या पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि कातडी निर्मळ झाली, म्हणून त्याने तलाव खोदवला. नाव आधीचे की कथा, हे ठरवणे अवघड. मला नाव आधीचे वाटते आणि त्यातली ‘अंबा’ आई असावी. आज घाटावर गर्दी असते ती अस्थिविसर्जनाची आणि श्राद्धविधीची. लोक डोक्यावर ओंजळभर पाणी घेतात आणि घरी जाऊन पुन्हा अंघोळ करतात. पोहायचे असेल त्यांनी नागपूर गाठावे.

सहकाऱ्यांना मी ही कथा सांगितली. कॉफीचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “राजाने आधी तेल लावले होते का?” कथेत याचे उत्तर नाही, शिलालेखातही नाही. म्हाइंभट असता तर त्याने विचारून घेतले असते.